रक्ताची परतीची वाट

रक्ताभिसरण म्हटलं की माणूस डाव्या छातीवर हात ठेवतो. पोटरीवर कुणी ठेवत नाही. घाटकोपरच्या एका मराठी शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवते आहे. हृदयाचा धडा आला की तांबडा आणि निळा असे दोन खडू घेऊन उभी राहते. तांबड्या रेघा हृदयातून निघून पायाच्या बोटांपर्यंत उतरतात, निळ्या तिथून वर येतात. मुलं आकृती उतरवून घेतात, अलिंद-निलय अशी नावं घालतात, परीक्षेत पूर्ण गुण मिळवतात. उभ्या माणसाच्या घोट्यापाशी पोचलेलं रक्त तिथून चार फूट वर कसं चढतं, हे मात्र स्वाध्यायात नसतं. वर्गात कुणी विचारतही नाही. माझ्यापुढे हा प्रश्न आजारपणामुळे आला, आणि त्या आजारपणात जे कळलं ते सगळं फार साधं होतं. वेळेवर कुणी सांगितलं असतं तर उपयोगी पडलं असतं इतकंच. म्हणून हे लिहिते आहे. मुख्यतः गौरी-गणपतीला गावी जाणाऱ्या बायकांसाठी, पण दिवसभर दुकानात उभं राहणाऱ्यांनी आणि नुकतंच प्लास्टर घातलेल्यांनीही वाचावं.

मी राहते मुलुंड पूर्वेला, सासर संगमेश्वरच्या आतल्या गावात. त्या वर्षी पाळीची तारीख नेमकी गौरीपूजनावर येत होती. मग असंख्य घरांत होतं तेच आमच्याकडे झालं. केमिस्टकडे पाळी लांबवण्याच्या गोळीचं नाव सांगितलं, त्याने पाकीट काढून दिलं, दिवसाला तीन घ्या म्हणाला. अर्धशिशी आहे का, वजन किती, घरात कुणाच्या पायात गुठळी झाली होती का, गोळ्या चालू असताना लांबचा प्रवास आहे का, यातलं काही विचारणं त्याच्या कामात बसत नव्हतं. थोरल्या जाऊबाई नंतर म्हणाल्या, "अगं, बाप्पा काय उठून जाणार होता का?" बरोबर आहे, पण हे वाक्य घरातल्या मोठ्यांना तारीख जवळ येण्याआधी सुचायला हवं.

कोकण रेल्वेचं आरक्षण मिळालं नव्हतं, म्हणून ग्रुप बुकिंगची बस. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे, आणि गणपतीच्या आदल्या दोन रात्री त्या रस्त्यावर काय होतं ते चाकरमान्यांना सांगायला नको. वडखळला थांबलो, नागोठण्याला थांबलो, माणगावला तर पहाटच उजाडली. खिडकीची सीट, पायाखाली मखराचं सामान, मांडीवर पिशवी. गुडघे वाकलेले ते वाकलेलेच. पाणी मी मुद्दाम प्यायले नाही. का, ते बाईमाणसाला विचारू नये. त्या रस्त्यावर रात्री उतरून जावं अशी जागा कुठे आहे?

गावी पोचल्यावर एक-दोन दिवसांत डावी पोटरी भरून आली. चालताना ताण बसे, हात लावला तर गरम लागे. उजवा पाय अगदी नेहमीसारखा. जाऊबाईंनी मायेने तिळाचं तेल कोमट करून रगडून दिलं, वर रुईची पानं शेकून बांधली. तेवढ्यापुरतं बरं वाटलं. परत आल्यावर शाळेचे जिने चढताना धाप लागायला लागली. मेट्रो आल्यापासून घाटकोपर स्टेशनच्या पुलावर सकाळी उभं राहायला जागा नसते, तिथे एकदा कठड्याला धरून थांबावं लागलं. घरात प्रत्येकाचं निदान वेगळं: हिमोग्लोबिन कमी, थायरॉइड, दगदग, वय. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटात होता. तो बोटाला लावला तर आकडा नव्वदच्या आसपास घुटमळत होता.

आमच्या फॅमिली डॉक्टरांची दोन्ही मुलं माझ्याकडे शिकलेली. ते म्हणाले, "बाई, साडी गुडघ्यापर्यंत वर घ्या, दोन्ही पाय दाखवा." मग त्यांनी ड्रॉवरमधून शिंप्याची असते तशी टेप काढली. गुडघ्याच्या खाली पुढे हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या खाली दहा सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्या मोजल्या. फरक तीन सेंटिमीटरहून जास्त निघाला. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावायच्या आधीच माझ्या यजमानांना सांगितलं, "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला घेऊन जा. रिक्षाने नाही, ॲम्ब्युलन्सने. आणि त्यांना एक पायरीही चढू देऊ नका."

त्यांनी पोटरी का मोजली, हे कळायला आधी रक्ताची वाट बघायला हवी. हृदयाचं काम आपण समजतो त्याहून एकतर्फी आहे. डावा निलय आकुंचन पावला की महाधमनीत रक्त जोराने शिरतं. दंडाला पट्टा बांधून आपण मोजतो तो हाच जोर. आराम करणाऱ्या मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलतं, आणि अंगात रक्तही साधारण तेवढंच असतं. म्हणजे मिनिटाभरात एक फेरा. पण त्या फेऱ्याच्या मधोमध केशवाहिन्या लागतात. त्या इतक्या बारीक की तांबड्या पेशी त्यांतून एकामागे एक, अंग दुमडून जातात. आणि इतक्या असंख्य की तिथे प्रवाहाचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरच्याही खाली येतो. ऑक्सिजन द्यायला आणि टाकाऊ वायू घ्यायला हा संथपणा हवाच. मात्र केशवाहिन्या ओलांडून रक्त शिरांमध्ये उतरतं तेव्हा निघतानाच्या जोरातला अगदी थोडा उरलेला असतो. कोणत्याही क्षणी पाहिलं तर अंगातलं जवळजवळ दोन तृतीयांश रक्त असंच शिरांमध्ये असतं. घाई नसलेलं.

झोपलेल्या माणसाला उरलेला जोर पुरतो, कारण पाय आणि छाती एका पातळीवर असतात. उभं राहिलं की घोट्यापासून छातीपर्यंतच्या रक्ताच्या उभ्या स्तंभाचं सगळं वजन घोट्याजवळच्या शिरांवर येतं. न हलता उभं राहिलात तर तिथला दाब पाऱ्याच्या नव्वद मिलिमीटरच्या आसपास जातो. चार पावलं चाला, तो तीसच्या खाली उतरतो. हा फरक पोटरी करते. पोटरीच्या स्नायूंमध्ये, खोल, रुंद शिरा असतात. टाच उचलली की स्नायू घट्ट होतात, शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकतं. स्नायू सैल पडले की ते खाली यायला बघतं, पण शिरांमध्ये ठिकठिकाणी दोन-दोन पाकळ्यांच्या झडपा असतात, त्या मिटतात. आमच्या सोसायटीत टाकीच्या पाइपला प्लंबर एनआरव्ही बसवतो ना, पंप बंद झाला तरी वर चढलेलं पाणी उलट येऊ नये म्हणून, तेच काम. छातीजवळच्या मोठ्या महाशिरेत अशा झडपा नाहीत. खाली पोटरीत त्या जास्त, कारण चढ तिथूनच सुरू होतो. उरलेलं काम श्वास करतो. छाती फुगली की छातीतला दाब कमी होतो आणि खालचं रक्त वर ओढलं जातं.

वर्गात आता मी हे प्रत्यक्ष करून दाखवते, आणि घरीही करता येईल. हात काही वेळ खाली सोडा, मनगटाजवळची एखादी ठळक, सरळ शीर निवडा. एका बोटाने ती खालच्या बाजूला दाबून धरा, दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने हलकेच निपटत न्या, मग हे दुसरं बोट उचला. मधला भाग रिकामाच राहतो. वरचं रक्त खाली येत नाही. पहिलं बोट उचललंत की खालून भरतो. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्त फिरतं हे सिद्ध करणारं पुस्तक छापलं, त्यात दंडाला पट्टी बांधलेल्या हाताची चित्रं आहेत ती नेमकी हीच. गंमत अशी की या झडपा त्याला पादुआत शिकवणाऱ्या फॅब्रिशियसने आधीच पाहिल्या होत्या. पण शिरांतलं रक्त यकृताकडून बाहेरच वाहतं अशी त्या काळची समजूत होती, म्हणून ते पायात फार साठू नये यासाठी निसर्गाने बांध घातले आहेत, असा त्याने अर्थ लावला. वस्तू डोळ्यांसमोर असून उलटी वाचली गेली. धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून हे मात्र हार्वेलाही दिसलं नाही. केशवाहिन्या माल्पिगीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या.

तर माझ्या बाबतीत काय झालं? पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, आणि ती सुटून फुफ्फुसांत गेली. रुडॉल्फ विर्शो या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं की फुफ्फुसात सापडणाऱ्या गुठळ्या बहुतेक वेळा पायातून निघून तिथे पोचलेल्या असतात. शिरेत गुठळी का होते याची तीन कारणं त्याच्या नावाने आजही शिकवतात: प्रवाह मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं, आणि रक्तच सहज गोठणारं होणं. रात्रभर वाकलेले गुडघे आणि निपचित पोटऱ्या हे पहिलं कारण. तिसरं माझ्या पर्समधल्या पाकिटात होतं. पाळी लांबवण्याच्या त्या गोळ्यांत नॉरएथिस्टेरॉन असतं. दिवसाला तीन अशा मात्रेत घेतलं की त्याचा काही अंश शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो. गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये असतं तेच हे इस्ट्रोजेन. त्याने यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवायला लागतं. या गोळ्या घेणाऱ्या बहुतेक बायकांना काहीही होत नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर उगाच घबराट व्हायची. धोका एकट्या गोळीचा लहान आहे. तो बेरजेने वाढतो: गोळी, त्यात रात्रभराची बस, त्यात चाळिशी ओलांडलेलं वय, त्यात वाढलेलं वजन. एखादीला आधी गुठळी झालेली असेल किंवा आई-बहिणीला झालेली असेल, तर बेरीज तिथूनच मोठी सुरू होते. डॉक्टरांना विचारलं तर ते दुसरी गोळी सुचवतात, किंवा तुम्हाला ही नकोच म्हणून सांगतात. विचारण्याची ती पाच मिनिटंच खरी महत्त्वाची.

नुसतं बसून राहण्याने माणसं दगावतात हे जगाला कळलं ते युद्धात. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते आणि लोक भुयारांत, तळघरांत रात्री काढत होते. कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक डॉक्टरने त्याच वर्षी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिलं की आसऱ्याला आलेल्या लोकांमध्ये फुफ्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू अचानक वाढले आहेत. बरेच जण कापडी आरामखुर्चीत बसून झोपत. खुर्चीचा पुढचा लाकडी दांडा मांडीच्या मागे रुतून शिरा दाबत असे. आडवं होण्याची सोय करा, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे १९५४ मध्ये बोस्टनचे सर्जन जॉन होमन्स यांनी विमानप्रवास, मोटारप्रवास, इतकंच काय, नाटक बघायला बसल्यानंतर झालेल्या गुठळ्यांची नोंद केली. आपल्या बसच्या सीटची पुढची कड आठवून पाहा. पाय लोंबकळणाऱ्या बुटक्या माणसाला ती त्याच जागी रुतते.

डावाच पाय का, हे मी हॉस्पिटलमध्ये विचारलं. तरुण डॉक्टरने कागदावर रेघा मारून दाखवलं. ओटीपोटात डाव्या पायाची मोठी शीर उजव्या पायाच्या धमनीच्या खालून जाते. वरून धमनीचं ठोके देणारं ओझं, खाली पाठीचा कणा, मधे ही पातळ भिंतीची शीर. म्हणून डावीकडची वाट सगळ्यांचीच जरा चेपलेली असते आणि तिथे गुठळी जास्त वेळा होते. इतकी वर्षं निळ्या खडूने मी दोन्ही पाय आरशासारखे सारखे काढत होते.

पोटरीतून सुटलेली गुठळी कुठे जाते, याबद्दल लोकांत एक ठाम समज आहे: मेंदूत. तसं सहसा होत नाही, आणि न होण्याचं कारण आकृतीतच आहे. गुडघ्यामागची शीर, मांडीची शीर, मग महाशीर. वाट रुंदच होत जाते, म्हणून गुठळी कुठे अडत नाही. उजवं अलिंद, उजवा निलय, आणि तिथून फुफ्फुसाची धमनी. ही पुढे फांद्या फुटून बारीक होत जाते, आणि जिथे गुठळीचा आकार आणि नळीची रुंदी जुळते तिथे ती बसते. तिच्या पुढच्या भागात हवा येते पण रक्त येत नाही, म्हणून धाप. उजव्या निलयाला चोंदलेल्या नळीत रक्त ढकलावं लागतं, आणि त्याच्या भिंती डाव्याइतक्या जाड नसतात. गुठळी मोठी असेल तर तो अचानक थकतो आणि माणूस तिथल्या तिथे कोसळतो. साधारण चारांत एका माणसाच्या हृदयात दोन अलिंदांमधलं गर्भावस्थेतलं छिद्र पूर्ण बुजलेलं नसतं. अशांच्या बाबतीत क्वचित गुठळी डावीकडे जाऊन मेंदूपर्यंत पोचू शकते. बाकीच्यांचा मेंदू मधे असलेल्या फुफ्फुसांमुळे वाचतो.

तेल चोळल्यामुळेच माझी गुठळी सुटली का? तसं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. ती आपणहूनही सुटते. पण सुजलेल्या, गरम, दुखऱ्या अशा एकाच पायाला निदान होईपर्यंत कुणीही रगडू नये, हे सगळ्या डॉक्टरांनी एकमुखाने सांगितलं. जाऊबाईंना मी हे फार दिवस सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा त्यांचं उत्तर फार व्यवहारी होतं: "मग गावात आमच्यासाठी कोण टेप घेऊन बसलंय?" टेप घरातलीच चालते. दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजायच्या. थोडाफार फरक सगळ्यांच्याच पायांत असतो. पण नव्याने आलेला, तीन सेंटिमीटरच्या घरातला फरक म्हणजे उद्यावर ढकलायचं काम नाही.

दोन्ही पाय सारखे सुजले तर कारणं वेगळी असतात, हृदय, मूत्रपिंड, रक्तदाबाच्या काही गोळ्या, आणि तीही दाखवायला हवीतच. एकच पाय सुजला तर त्याच दिवशी कलर डॉपलर. ही शिरांची सोनोग्राफी. दुखत नाही, सुई नाही. डॉक्टर डी-डायमर ही रक्ततपासणी सांगतील, ते नाव कोविडमुळे घरोघरी माहीत झालं आहे. आणि पायाबरोबर किंवा पायाशिवायही अचानक धाप, खोल श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, चक्कर, नाडीची धडधड यातलं काही आलं, तर १०८ ला फोन करावा. स्टेशनवर चालत जाऊन गाडी पकडू नये. ऑक्सिमीटरचा आकडा चांगला दिसतोय म्हणून थांबूही नये. लहान गुठळीत तो नेहमीसारखा असू शकतो.

माझ्या दोन्ही फुफ्फुसांत लहान लहान गुठळ्या सापडल्या. पोटावर हेपॅरिनच्या जातीची इंजेक्शनं, मग गोळ्या. या औषधांना आपण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या म्हणतो, पण रक्त काही पाण्यासारखं होत नाही. नवी गुठळी बनणं आणि जुनी वाढणं त्या थांबवतात. जुनी विरघळवायचं काम शरीर सावकाश आपलं आपण करतं. म्हणून गोळ्या निदान तीन महिने चालतात, आणि पाय बरा वाटला म्हणून मधेच सोडायच्या नसतात. यातल्या जुन्या गोळ्यांचा उगम मजेशीर आहे. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली, त्या चाऱ्यातल्या द्रव्याचा शोध घेता घेता वॉरफेरिन बनलं, आणि ते माणसांना देण्याआधी काही वर्षं उंदरांचं विष म्हणून विकलं जात होतं. वॉरफेरिनच्या कुळातल्या गोळ्या असतील तर आयएनआर नावाची तपासणी ठरलेल्या वेळी करावी लागते, आणि पालेभाज्यांचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवावं लागतं, कारण अळू, पालक, मेथीतलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. श्रावणात एकदम अळूचं फदफदं आणि पुढे आठवडाभर पानही नाही, असं चालत नाही. नव्या गोळ्यांना ही कटकट नाही, पण त्या महाग पडतात. गोळी कोणतीही असली तरी डोकं दुखलं, गुडघा दुखला म्हणून मनाने वेदनाशामक घ्यायचं नाही. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला आधी सांगायचं. लसूण, हळद, दालचिनीचे काढे सुचवणारे व्हॉट्सॲपवर पुष्कळ भेटतात. स्वयंपाकात घाला, औषधाच्या जागी नको.

आता प्रवासाचं. मी अजूनही बसनेच जाते. सीट मागताना कडेची मागते, खिडकीची नाही. सामान पायाखाली ठेवत नाही, पाय सरळ करायला तेवढी जागा लागते. चप्पल काढून टाचा टेकवून पंजे वर, मग पंजे टेकवून टाचा वर, असं थोड्या थोड्या वेळाने करत राहते. शेजारची बाई आधी बघते, मग तीही करायला लागते. पाणी पिते. पाण्याने रक्त पातळ होतं म्हणून नव्हे. पाणी प्यायलेल्या माणसाला उठावं लागतं आणि उठलं की पोटरी चालते, हा फायदा मोठा आहे. गाडी ढाब्यावर थांबली की उतरायचंच, चहा घ्यायचा नसला तरी. रात्री झोपेची गोळी घेऊन बसप्रवास करू नये, माणूस एकाच आकारात आठ तास पडून राहतो. ज्यांना धोका जास्त आहे त्यांना डॉक्टर घट्ट मोजे देतात. ते पायाच्या मापाचे, सांगितलेल्या दाबाचे घ्यावे लागतात, आणि पायाच्या धमन्याच अरुंद असतील तर ते घालायचे नसतात. तेव्हा फूटपाथवरून नाही.

गाडीला गर्दी असली तरी लोकलचा उभ्याचा प्रवास बसण्याइतका वाईट नाही, कारण तोल सांभाळताना पोटऱ्या चालूच असतात. खरी शिक्षा आहे ती दुकानातल्या मुलींना. मुलुंडच्या, बोरिवलीच्या कापडाच्या दुकानांत सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या, गिऱ्हाईक नसलं तरी बसायची मनाई. अशा उभं राहण्याने झडपा सैल होतात, शिरा पिळासारख्या वर येतात, घोट्याजवळची कातडी काळी पडते, पुढे जखमा होतात आणि त्या भरत नाहीत. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायची जागा देणं कायद्याने बंधनकारक केलं. आपल्याकडे मालकाला विनंती करावी लागते. साडी घेताना आपण पन्नास घड्या उलगडायला लावतो, तेव्हा त्या मुलीला एक स्टूल द्या म्हणून मालकाला सांगायला आपलं काय जातं?

बाळंतिणींबद्दल एक सांगायलाच हवं. गुठळीचा धोका गरोदरपणात वाढतो आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. आपल्याकडे नेमका तोच सव्वा महिना खाटेवर, खोलीतून बाहेर न पडता, शेक-शेगडी आणि मालिश असा जातो. शेक घ्या, डिंकाचे लाडू खा, पण सिझेरियन झालेल्या बाईलासुद्धा डॉक्टर दुसऱ्या दिवशी चालायला लावतात ते उगाच नाही. घरात आल्यावर आजीने तिला पुन्हा आडवं करू नये. गुडघ्याचं, खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांचं, पायाला प्लास्टर असलेल्यांचं, कॅन्सरचे उपचार चालू असलेल्यांचंही तसंच: पाय हलवायची मुभा किती आहे आणि गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन लागणार का, हे घरी सोडताना डॉक्टरांना आपणच विचारून घ्यावं.

माझा डावा पाय अजून संध्याकाळी जड होतो. गुठळी विरघळली तरी तिथल्या झडपा पहिल्यासारख्या मिटत नाहीत, असं बऱ्याच जणांचं होतं. मी मोजा घालून शिकवते, मधल्या सुट्टीत व्हरांड्यात फेऱ्या मारते, रात्री पायाखाली उशी घेते. मुलीला मी सगळं सांगून ठेवलं आहे, कारण पुढे कधी तिने कोणतीही हार्मोनची गोळी घ्यायची म्हटली तर "आईच्या पायात आणि फुफ्फुसात गुठळी झाली होती" हे वाक्य तिने डॉक्टरांपुढे पहिल्यांदा बोलायला हवं. गुठळीची प्रवृत्ती आनुवंशिक असू शकते, त्याच्या रक्ततपासण्याही असतात. पण त्या प्रत्येकाला लागत नाहीत, आणि ताजी गुठळी असताना किंवा गोळ्या चालू असताना त्यातल्या काहींचे आकडे फसवे येतात. तेव्हा त्या करायच्या का आणि कधी, हे लॅबच्या पॅकेजची जाहिरात बघून ठरवू नये, रक्तविकारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावं.